कागद काय म्हणतो?

अप्पांच्या हातात लग्नपत्रिका पडली की ते मुहूर्त बघत नाहीत, कार्यालय बघत नाहीत. पहिली नजर जाते ती नवरदेवाच्या नावामधल्या बापाच्या नावावर. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "हा दिनकररावांचा थोरला? पण दिनकररावांना पहिल्या घरचं काही नव्हतं ना?" पत्रिका घेऊन आलेला माणूस घाईघाईनं लाडवाची पुडी पुढे करतो. अप्पा लाडू घेतात, प्रश्न सोडत नाहीत.

घराण्याचा इतिहास खणणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. कुणाला पूर्वजांत एखादा सरदार हवा असतो, निदान शिलेदार तरी. अलीकडे कुणबी नोंदीसाठी पणज्याचा उतारा शोधत लोक कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागले. त्यांची गरज रोकडी आहे, समजण्यासारखी आहे. अप्पांना यातलं काहीच नको. ते सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आणि त्यांना फक्त खातं जुळवायचं आहे. आयुष्यभर त्यांनी लोकांचे सातबारे, बोजे आणि जामीनदार तपासले. आता स्वतःच्या पूर्वजांचं तारण तपासतात.

"कागद काय म्हणतो?" हा त्यांचा परवलीचा प्रश्न. नात चालायला लागली असं सून फोनवर म्हणाली, तेव्हा ते "व्हिडिओ आहे का?" म्हणाले, ती त्याचीच सुधारित आवृत्ती. निवृत्तीनंतर आपल्या लग्नाची सरकारदरबारी नोंदच नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी ती करून घेतली. साक्षीदार म्हणून थोरल्या मुलालाच घेऊन निघाले होते. काकूंनी दारातच विचारलं, "तो कुठल्या पंगतीला होता हो?" तेव्हा कुठे अप्पांनी चपला काढल्या.

त्यांची वंशावळ म्हणजे ड्रॉइंग पेपरची गुंडाळी आहे. ती दिवाणखान्यात उलगडली की एका टोकाला मिठाची बरणी, दुसऱ्या टोकाला काकूंचा पानाचा डबा ठेवावा लागतो, आणि मग त्या दिवशी भाजीत मीठ नसतं. वरच्या टोकाला मूळपुरुष, मध्ये एक पानिपतावर पडलेला पूर्वज. (साताऱ्याकडच्या कुठल्याही घराण्यात एकजण पानिपतावर पडलेला असतोच. त्याशिवाय वंशावळ पुढे सरकत नाही.) सगळं शाईनं, सुवाच्य अक्षरात. फक्त खालून वर मोजत गेलं की पणजोबांच्या चौकटीपाशी रेघ तुटक होते आणि शेजारी लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह भाऊकीतल्या एका म्हाताऱ्या आत्यांनी काढलं. कुणाच्या तरी वर्षश्राद्धाला जेवणं उरकल्यावर सुपारी कातरता कातरता त्या सहज बोलून गेल्या, "तुमचा पणजा काय, आमच्या घरात आईचा पदर धरूनच आला की." बाकीच्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. अप्पांना नव्हतं, कारण त्यांनी आजवर फक्त कागदांना विचारलं होतं.

हकीकत साधी होती. पणजोबांच्या आईचा पहिला नवरा प्लेगात गेला. पदरात चार-पाच वर्षांचं पोर. तिचा पाट लागला. मोजक्या जाती सोडल्या तर आपल्याकडे ही रोजची गोष्ट होती. इंग्रजांनी १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा केला त्याच्या कितीतरी आधीपासून बहुजनांत पाट लागतच होते. रात्री, चार माणसांत, गाजावाजा न करता. पोर आईबरोबर आलं, नव्या घरात वाढलं, नव्या बापाचं नाव आणि आडनाव लावू लागलं. पुढे त्या घरात धाकटा भाऊ जन्मला. दोघांची लग्नं झाली, वंश वाढला, आणि थोरल्याच्या शेंड्याला अप्पा लागले.

आता प्रश्न असा की, त्या सावत्र बापानं पोराला रीतसर दत्तक घेतलं होतं का?

"काय फरक पडतो?" असं मी एकदा विचारलं. अप्पांनी माझ्याकडे जामिनाशिवाय कर्ज मागणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. "अरे, आईनं दुसरं लग्न केलं म्हणजे तिला नवरा मिळतो. मुलाला बाप आपोआप मिळत नाही. दत्तक झाला असेल तर हे घराणं माझं. नसेल, तर वरच्या सगळ्या पिढ्या पुसायच्या."

"पानिपतवाला पण?"

"तो पण."

म्हणजे घराण्यानं पानिपत दुसऱ्यांदा गमावायची वेळ आली होती.

त्या दिवसापासून अप्पांनी दत्तकाचा जुना कायदा असा घोकला की वकिलांनी त्यांच्यापुढे चहा मागवावा. १९५६ च्या आधी दत्तक घेणाऱ्याला मुलगा, नातू, पणतू यांपैकी कोणी हयात असता कामा नये. म्हणजे दत्तक झाला असेल तर धाकट्याच्या जन्माआधी. द्यायचा अधिकार बापाला, तो नसेल तर आईला. दत्तहोम त्यांच्या जातीला लागत नव्हता. इंग्रजी न्यायालयांच्या लेखी तिथे नुसतं देणं-घेणं पुरे होतं. आणखी एक गमतीची अट वरच्या वर्णांसाठी होती, ती अप्पांवर बंधनकारक नव्हती, तरी त्यांनी तपासलीच: ज्या बाईशी आपलं लग्न शास्त्रानं होऊ शकलं नसतं, तिचा मुलगा दत्तक घेता येत नाही. "ही अट आपण पूर्ण करतो," अप्पा अभिमानानं म्हणाले. "लग्न नुसतं होऊ शकत नव्हतं, झालंच होतं."

अडत होतं ते देण्याघेण्यापाशी. दत्तकाचा सगळा जीव त्या एका क्रियेत असतो. देणाऱ्यानं 'दिला' म्हणायचं, घेणाऱ्यानं 'घेतला' म्हणून मांडीवर बसवायचं, चार माणसांनी ते डोळ्यांनी बघायचं. राजांचं सोपं असतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला जाऊन सयाजीराव झाला, कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ साली कोल्हापूरला जाऊन शाहू झाला. मूल एका घरातून निघालं, दुसऱ्या घरात गेलं, नाव बदललं, वाजंत्री वाजली, दिवस कायमचा नोंदला गेला. इथे मूल आधीच घरात. देणारी चुलीपुढे भाकऱ्या थापतेय, घेणारा ओसरीवर दोर वळतोय, आणि दत्तक दोघांच्या मध्ये शेळीच्या मागे धावतोय. कोणी कुणाला काय द्यायचं? संध्याकाळी त्या बाईनं "धरा हो याला जरा" म्हणून पोर नवऱ्याच्या मांडीवर टाकलं असेल, तेच देणं-घेणं होतं का? आणि शेजारचा कुणी तंबाखू मागायला आलेला असेल, तर तो साक्षीदार होतो का?

अप्पांनी हा प्रश्न खरोखरच एका वकिलांना विचारला. वकील म्हणाले, "पोराला घेताना त्यांच्या मनात हेतू काय होता, त्यावर आहे." अप्पा घरी येऊन म्हणाले, "हेतूचा उतारा कुठे मिळतो?"

नोंदणी कचेरीतला प्रसंग तर मी समक्ष बघितला. दत्तकपत्र पूर्वीही नोंदवलंच पाहिजे असं नव्हतं. सक्ती होती ती दत्तक घेण्याचा अधिकार दुसऱ्याला लिहून देण्याच्या लेखाची, १८७२ पासून. त्यामुळे कागद सापडला तर दत्तक झाला, पण सापडला नाही म्हणून झाला नाही असं म्हणता येत नाही. हे अप्पांना पाठ होतं, तरी ते गेले. तालुक्याच्या गावची कचेरी, भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं, खिडकीत एक तरुण लिपिक. जमिनीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक एक कोणीही बघू शकतो. दत्तकपत्र जातं पुस्तक क्रमांक चारमध्ये, आणि त्याची नक्कल फक्त दस्त करून देणाऱ्याला, त्याखाली हक्क सांगणाऱ्याला किंवा त्यांच्या प्रतिनिधीला मिळते.

"तुम्ही दस्तात कोण?" लिपिकानं विचारलं.

"दस्त आहे की नाही, तेच बघायचंय."

"पण दस्त असेल तर तुम्ही त्यात कोण?"

"दत्तकाचा पणतू."

"म्हणजे दत्तक झालाय?"

"ते पुस्तक बघितल्यावर कळेल."

"पण हक्क असेल तरच पुस्तक बघता येईल, काका."

"आणि पुस्तक बघितलं तरच हक्क आहे का ते कळेल!"

दोघेही एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले. रागावलं कोणीच नाही. दोन्ही बाजूंना नियमाची बूज राखणारी माणसं समोरासमोर आली होती, एवढंच. शेवटी लिपिकानं त्यांना अर्ज लिहायला सांगितला आणि अप्पा इतके खूश झाले की अर्जाची दुसरी प्रत स्वतःच्या फायलीसाठी लिहून घेतली. अर्जाला यथावकाश उत्तर आलं: आढळ होत नाही. ते उत्तरही अप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय.

मोडीच्या वर्गालाही ते जाऊन आले. तिथे एकदा हाहाकार झाला. घरच्या जुन्या रोजकीर्दीचं एक पान वाचता वाचता त्यांना 'दत्तक' दिसलं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळ एकसलग धावते. त्या दिवशी अप्पांनी सोसायटीत पेढे वाटले, लाल प्रश्नचिन्ह खोडलं, पानिपतवाल्याला नमस्कार केला. पुढच्या रविवारी मोडीच्या बाईंनी ओळ पूर्ण वाचून दाखवली: 'दत्तूकडून येणे रुपये तीन'. अप्पांच्या नजरेतून उकार निसटला होता. पेढ्यांचे पैसे दत्तूकडूनच वसूल करावेत, असं काकूंचं मत पडलं.

मग ते पणजोबांच्या जन्मदात्या बापाच्या गावी गेले. दत्तक गेलेला मुलगा जन्मघरातून उठतो, तेव्हा तिथल्या कागदावर पणजोबांचं नाव राहिलंय का हे बघायचं होतं. एस.टी.तून उतरून त्यांनी पारावर विचारपूस केली, आपण अमक्याचे पणतू म्हणून सांगितलं, आणि चहा येईपर्यंत समोर सात-आठ जण हाताची घडी घालून उभे. शंभर-सव्वाशे वर्षांनी कोणी तरी खांद्याला पिशवी लावून येतो आणि जुना फेरफार मागतो, याचा गावात एकच अर्थ होतो.

"मला जमीन नकोय," अप्पा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात आधी," एक मिशाळ गृहस्थ म्हणाले.

"मला फक्त एवढंच बघायचंय, की माझा हक्क होता का."

यानंतर चहा आलाच नाही. परतीच्या एस.टी.पर्यंत पोचवायला मात्र दोघे जण आले, आणि गाडी हलेपर्यंत जागचे हलले नाहीत.

अप्पांचा आदर्श म्हणजे ताईमहाराज प्रकरण. लोकमान्यांनी १९०१ साली औरंगाबादेला जगन्नाथाचं दत्तकविधान करवलं, आणि ते खरं झालं की नाही याचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये १९१५ साली लागला. मधल्या काळात खोट्या साक्षीचा आरोप, शिक्षा, अपिलात सुटका. "टिळकांना चौदा वर्षं लागली," अप्पा म्हणतात, "मी तर आत्ता कुठे सुरू केलंय." टिळक त्यात नाइलाजानं पडले होते, मित्राच्या इस्टेटीचे विश्वस्त म्हणून, अप्पांवर मात्र कोणी जबरदस्ती केलेली नाही. हे सांगण्यात अर्थ नसतो. मी एकदा झाशीचा दाखला दिला. १८५३ साली गंगाधररावांनी इंग्रज अधिकाऱ्यांदेखत दत्तक घेतला, पत्र दिलं, तरी डलहौसीनं संस्थान खालसा केलंच. मग तुमच्या कागदाला किंमत काय राहिली? अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पत्राची पोच घेतली नसेल."

काकूंचा विरोध वेगळ्या अंगानं होता. पणजोबांच्या सावत्र बापाच्या घराण्याचा जेजुरीचा खंडोबा. जन्मदात्या बापाच्या घराण्याचा जोतिबा. अप्पांनी एका चैत्रात विषय काढला, की निकाल लागेपर्यंत जेजुरीही थांबवावी आणि जोतिबालाही जाऊ नये. काकू एवढंच म्हणाल्या, "देव काही दत्तकपत्र बघून भंडारा उधळू देत नाही," आणि त्या वर्षी त्या दोन्हीकडे जाऊन आल्या. भंडारा आणि गुलाल एकाच पिशवीत सांडला, आणि ती नेमकी अप्पांच्या फायलींची पिशवी निघाली.

या वेडाचा कुणाला उपयोग झाला नाही असंही नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका मुलीचा नवरा अपघातात गेला होता, तिनं पुन्हा लग्न केलं. मुलाच्या नावाचं काय करायचं विचारायला ती आली. अप्पांनी तिला धडाधड सांगितलं: आडनाव कोणतं लावायचं हे आई ठरवू शकते, दुसऱ्या नवऱ्याला दत्तकही देऊ शकते, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट म्हटलंय. मूल सहसा पंधरा वर्षांच्या आतलं हवं. दत्तकपत्रावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही हवी, आणि ते नोंदवा. नोंदवलं की न्यायालय दत्तक कायदेशीर धरूनच चालतं, नाही म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. ती लिहून घेत होती. मुलगा तोवर वंशावळीवर पालथा पडून पानिपतवाल्याला खडूनं दाढी काढत होता. खाली कुणी तरी स्कूटरचा हॉर्न वाजवला. "बाबा आला!" म्हणून पोर उठलं, दप्तर तिथेच टाकून जिन्यावरून पळालं. अप्पांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि ते 'कागद' अर्ध्यावरच राहिलं.

फेरफार सापडला तो यानंतर. हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं सुरू झाली, त्यामुळे सावत्र बाप वारला तेव्हाची नोंद मिळायला हवी होती, आणि मिळाली. अप्पांनी ती नक्कल टेबलावर ठेवून मला हाक मारली. त्यांच्या हातात कॅल्क्युलेटर होता.

"नीट बघ. दत्तक घेतल्यावर औरस मुलगा झाला, तर आपल्या इलाख्यात दत्तकाला पाचवा हिस्सा. म्हणजे तीन आणे, दोन पै आणि काही तरी. बरोबर? आणि दत्तक झालाच नसेल तर सावत्र मुलाला काय?"

"काही नाही."

"शून्य. म्हणजे इथे एक तर तीन आणे दोन पै पाहिजे, नाही तर शून्य. वाच."

मी वाचलं. खातेदार मयत, वारस मुलगे दोन, थोरला आठ आणे, धाकटा आठ आणे. 'दत्तक' नाही, 'सावत्र' नाही. खाली वर्दी देणाराचा अंगठा.

"वर्दी कुणी दिलीय बघ."

धाकट्यानं दिली होती. सख्ख्या मुलानं. स्वतः कचेरीत जाऊन त्यानं निम्मी जमीन थोरल्याच्या नावावर सांगितली होती.

"तो नुसता गप्प बसला असता तरी सोळा आणे त्याचे होते," अप्पा उसळून म्हणाले. त्यांचा चेहरा, बुडीत कर्जदारानं आपण होऊन व्याजासकट पैसे आणून भरल्यावर व्हावा तसा झाला होता. "दत्तक म्हणावा तर जास्त दिलं, सावत्र म्हणावा तर द्यायचंच नव्हतं. हे कुठल्या कलमात बसवायचं? बापही तसलाच असणार. या घरात कायदा कुणी पाळतच नव्हतं!"

"मग काय लिहिणार वंशावळीत?"

अप्पांनी गुंडाळी उलगडली. पणजोबांच्या चौकटीखाली 'नाते' असा रकाना होता. इतरांच्या खाली त्यात औरस, औरस, औरस. बरीच खाडाखोड केल्यावर तिथे त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं: 'आठ आणे'. तुटक रेघही पूर्ण केली नाही. निम्मी जोडली, निम्मी तशीच ठेवली. बँकेत याला 'अंशतः मंजूर' म्हणत.

पुढच्याच महिन्यात धाकट्या घरातले वडीलधारे आजोबा गेले. भाऊकी म्हणजे दहा दिवसांचं सुतक. काकूंनी देव झाकले. अप्पांनी दाढी वाढवली, देवळात जायचे थांबले, आणि पाचव्या दिवशी सकाळी गुळगुळीत दाढी करून, मंडईची पिशवी घेऊन जिन्यात भेटले.

"अप्पा, सुतक आहे ना?"

"आठ आण्यांचं फिटलं," ते म्हणाले.

काकूंनी दहा दिवस पाळलं. तेराव्याला दोघे गावी गेले. काकू सांगत होत्या, पंगतीत अप्पांना मान म्हणून थोरल्या घराच्या जागी बसवलं, आणि तिथे मात्र ते सोळा आणे जेवले.